आधी रूळ, मग इंजिन

भारतीय रेल्वेचं मॉडेल करायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात इंजिनापासून करतो. परदेशी बनावटीचं इंजिन मागवायचं, त्याला आपल्या शेडचा रंग द्यायचा, बाजूला नंबर टाकायचा आणि रुळावर ठेवायचं. मग लक्षात येतं की काहीतरी खटकतंय. रंग बरोबर, नंबर बरोबर, तरी इंजिन आपल्याकडचं दिसत नाही. दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतोच, त्याच्या खाली असतो. बाजारात मिळणारा एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाचा ट्रॅक १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. या प्रमाणात ते माप युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचं आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. त्याचं १:८७ मधलं माप १९.२५ मिमी येतं. फरक पावणेतीन मिलिमीटरचा, म्हणजे तयार ट्रॅकच्या रुंदीच्या बरोबर एक षष्ठांश. इंजिन समोरून बघितलं की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. अरुंद रुळावर आपलं रुंद इंजिन पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं.

म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: आधी रूळ करा. हा रूळ दुकानात मिळत नाही, तो हातानेच करावा लागतो आणि तो करणं वाटतं तितकं अवघड नाही. शिवाय रूळ करताना कानस, सोल्डर आणि मापं यांचा जो सराव होतो, तोच पुढे इंजिन करताना कामाला येतो.

ब्रॉडगेजचाच हट्ट नसेल, तर सोपे रस्तेही आहेत. मीटरगेजचं माप १:८७ मध्ये साडेअकरा मिमी येतं आणि त्यासाठी १२ मिमीचा तयार ट्रॅक चालवून घेता येतो. बार्शी लाइट रेल्वे या नॅरोगेज लाइनचा गेज ७६२ मिमीचा, म्हणजे पावणेनऊ मिमी. एन स्केलचा ९ मिमी ट्रॅक त्याला जवळपास तंतोतंत बसतो. फक्त त्याचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात, ते काढून स्वतःचे घालायचे. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही बार्शी लाइन १८९७ साली सुरू झाली आणि लीड्सच्या किटसन कंपनीने तिच्यासाठी बनवलेली आठ जोडचाकांची इंजिनं आजही जगभरच्या नॅरोगेजप्रेमींना मोह घालतात. १९०७ सालची माथेरानची गाडी दोन फुटी गेजची. ती करायची तर मोठं प्रमाण घ्या: १:१९ मध्ये दोन फुटांचे बरोबर ३२ मिमी होतात आणि ३२ मिमी म्हणजे ओ स्केलचा प्रचलित गेज. पण वाफेच्या इंजिनाचे रॉड, क्रॅंक आणि त्यांचा ताळमेळ हे पहिल्या कामाला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं इंजिन डिझेल घ्यावं आणि डिझेलमध्ये डब्ल्यूडीएम-२. का, ते पुढे येईलच.

कामाला हात घालण्याआधी काळ ठरवा. रूळ, स्लीपर, रंग, कपलिंग सगळं त्यावर ठरतं. आजचा काळ दाखवायचा तर काँक्रीटचे स्लीपर आणि ६० किलोचा (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाचा) रूळ हवा. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं स्टेशन करायचं तर लाकडी स्लीपर आणि ५२ किलोचा किंवा त्याहून हलका रूळ. ५२ किलोचा रूळ १५६ मिमी उंच असतो, ६० किलोचा १७२. मॉडेलच्या रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. कोड ७५ म्हणजे ०.०७५ इंच, अंदाजे १.९ मिमी. १:८७ च्या हिशेबात तो ५२ आणि ६० किलोच्या अधेमधे पडतो आणि सहज मिळतो, म्हणून पहिल्या कामाला कोड ७५ घ्या. कोड १०० मात्र टाळा. तो इतका उंच दिसतो की बाकीची सगळी मेहनत त्याच्याखाली झाकली जाते. सुटा रूळ मिळाला नाही तर तयार फ्लेक्सिबल ट्रॅक आणून त्याच्या प्लॅस्टिकच्या स्लीपरमधून रूळ ओढून काढायचे. हे रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यांच्यावर सोल्डर छान बसतं आणि पितळ लवकर काळवंडतं तसे ते काळवंडत नाहीत.

लाकडी स्लीपरचं आपल्याकडचं माप २७४० × २५० × १३० मिमी. मॉडेलमध्ये ते साडेएकतीस × २.९ × दीड मिमी होतं. दीड मिमी जाडी ही सोयीची गोष्ट आहे, कारण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा तांब्याचा थर असलेला ग्लास-इपॉक्सी बोर्ड १.६ मिमी जाड असतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे तो कुठेही मिळेल. त्याच्या तीन मिमी रुंद पट्ट्या कापून घ्यायच्या. बोर्ड कापताना काचेची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसांना वाईट. मास्क लावा, पातं ओलं ठेवा. पीसीबी करणारा एखादा कारखानदार शिअर मशीनवर कापून देत असेल तर उत्तम. सगळेच स्लीपर बोर्डाचे करायची गरज नाही. पाचातला एक बोर्डाचा, बाकी चार लाकडी पट्टीचे. कॉफी ढवळायच्या लाकडी पट्ट्या मधोमध चिरल्या तरी चालतात. जाडी कमी पडली तर खाली कागद लावून पातळी जुळवा. बोर्डाच्या स्लीपरवर रूळ सोल्डर होतो, लाकडावर तो नुसता टेकतो किंवा इपॉक्सीच्या टिपक्याने चिकटतो. एका किलोमीटरला १६६० स्लीपर ही घनता धरली तर दोन स्लीपरच्या मध्यांमधलं अंतर ६.९ मिमी येतं. म्हणजे एक मीटर ट्रॅकला साधारण १४५ स्लीपर. हा आकडा वाचून दचकू नका. एका रविवारी ढीगभर पट्ट्या कापून डब्यात भरून ठेवल्या की पुढचे कित्येक दिवस पुरतात.

बोर्डाच्या प्रत्येक स्लीपरवरचा तांब्याचा थर मध्यभागी कानशीने तोडायला विसरायचं नाही. एक स्लीपर जरी तसाच राहिला तरी दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होतं आणि मग बोर्डाच्या सगळ्या स्लीपरमधून तो गुन्हेगार शोधत बसावं लागतं. मल्टिमीटर हाताशी ठेवा आणि दर चार-पाच स्लीपर सोल्डर झाले की दोन्ही रुळांत जोड लागत नाही ना, ते तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं हत्यार: दोन रुळांमधलं अंतर राखणारा गेज. १९.२५ मिमीचा गेज विकत मिळणं कठीण, पण महाराष्ट्रात एमआयडीसी असलेल्या कुठल्याही गावात लेथवाला मिळतो. दहा-बारा मिमी व्यासाचा पितळी रॉड न्या आणि त्यात दोन खाचा पाडून घ्या. खाचांच्या मधला भाग १९.२५ मिमी, खाच रुळाच्या डोक्यापेक्षा किंचित रुंद. असे तीन करून घ्या आणि एक १९.४५ मिमीचा, वळणासाठी. तीन धुऱ्यांची बोगी वळणावर अडकू नये म्हणून खऱ्या रेल्वेतही तीव्र वळणावर गेज थोडा सैल ठेवतात. लेथवाल्याला मायक्रोमीटरने मोजून दाखवायला सांगा आणि घरी आल्यावर व्हर्निअरने पुन्हा मोजा. या एका हत्याराशी तडजोड केलीत तर पुढचं सगळं काम वाकडं जाईल.

पहिला तुकडा एक फुटाचा सरळ ट्रॅक करा. कागदावर स्लीपरच्या खुणा छापा किंवा आखा, कागद प्लायवर चिकटवा, त्यावर फेविकॉलने स्लीपर लावा. सुकल्यावर सपाट लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून सगळ्या स्लीपरवरून हलका फिरवा, म्हणजे वरची पातळी एक होईल आणि तांबंही स्वच्छ होईल. पहिला रूळ स्टीलच्या पट्टीला टेकवून सरळ धरा आणि सोल्डर करा. सोल्डरिंग आयर्न चाळीस ते साठ वॅटचं, टोक चपटं. पंचवीस वॅटचं आयर्न इथे कमी पडतं, कारण रूळ स्वतःच उष्णता ओढून घेतो आणि मग आपण आयर्न जास्त वेळ दाबून धरतो. तांब्याचा थर उखडतो तो त्यामुळेच. स्लीपरला आधी फ्लक्स लावून पातळ कल्हई केल्यासारखं सोल्डर चढवा, रूळ ठेवा, बाहेरच्या बाजूने आयर्न टेकवा. दोन सेकंदांत सोल्डर रुळाच्या पायाखाली चमकून पसरतं. तसं पसरलं नाही तर जोड कच्चा आहे. दुसरा रूळ गेज लावून, प्रत्येक ठिकाणी एक बाजू थंड झाल्यावरच पुढे सरकत. काम झालं की फ्लक्स धुऊन काढा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच जोडांवर हिरवा थर दिसेल.

रुळाच्या दोन तुकड्यांमध्ये अर्धा मिमी फट ठेवा. रूळ उन्हाळ्यात फारसा वाढत नाही, पण खालचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि थंडीत आकसतं. एमडीएफ वापरू नका, कोकणात किंवा मुंबईत तर नकोच. बारा मिमीचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय घ्या, खालून चौकट मारा आणि बसवण्याआधी दोन्ही बाजूंना रंग द्या. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडा. फिशप्लेटमधून वीज पुढे जाईल या भरवशावर राहू नका.

सरळ ट्रॅकवर हात बसला की पॉइंट, म्हणजे गाडी एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, करायला घ्या. खरा आनंद इथे आहे आणि बहुतेक लोक घाबरतात तेही इथेच. भारतीय रेल्वेत यार्डात १:८.५ आणि मुख्य मार्गावर १:१२ ही क्रॉसिंग सर्रास दिसतात. १:१२ चा पूर्ण पॉइंट जवळपास चाळीस मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये सेहेचाळीस सेंटिमीटर. घरातल्या जागेत तो परवडत नाही. १:८.५ चा साधारण तेहेतीस सेंटिमीटरमध्ये बसतो, तोच करा. त्याचा कोन काढायला कोनमापक लागत नाही. प्लायच्या ठोकळ्यावर ८५ मिमीची सरळ रेघ मारा, तिच्या टोकाला काटकोनात १० मिमीवर खूण करा आणि ती रेघेच्या सुरुवातीला जोडा. झाला १:८.५. या दोन रेघांवर रूळ बसेल अशा खाचा कोरल्या की क्रॉसिंगचं नाक सोल्डर करायचा साचा तयार. एका रुळाचं टोक पूर्ण निमुळतं करायचं आणि दुसरं त्याच्या कुशीत बसेल असं घासायचं. जोड पक्का झाल्यावर नाकाचं अगदी पुढचं टोक केसभर बोथट करा आणि वरून किंचित उतरवा, म्हणजे चाक त्याच्यावर आदळणार नाही.

विंग रेल (नाकालगतचे) आणि चेक रेल (त्यांच्यासमोर, बाहेरच्या रुळांलगतचे) लावताना फट १.२ मिमी. त्यासाठी १.२ मिमीच्या पितळी पत्र्याचा तुकडा रुळांमध्ये धरून सोल्डर करा, नजरेवर विश्वास ठेवू नका. चेक रेलचं काम एकच: नाकापाशी पोचलेलं चाक चुकीच्या बाजूला जाऊ न देणं. ते काम तो फक्त तेव्हाच करतो, जेव्हा चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर आणि ही फट एकमेकांशी जुळतात. म्हणून चाकांचं माप आत्ताच ठरवून टाकू. १६.५ मिमी ट्रॅकच्या चाकांमध्ये आतून आत अंदाजे १४.४ मिमी अंतर असतं. गेज २.७५ ने वाढवला, तर हेही तेवढंच वाढवून १७.१५ मिमी ठेवायचं. गाडी पॉइंटवर पडते तेव्हा लोक पॉइंट कुरतडत बसतात. आधी चाकं मोजा. निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथेच सापडतो.

टंग रेल म्हणजे पॉइंटच्या सरकत्या, निमुळत्या पात्या. त्यांच्यासाठी आधी रुळाच्या पायाची एक बाजू घासून टाका, मग डोकं लांबट उतारात घासत जा, शेवटी टोक ब्लेडसारखं पातळ. ते जिथे टेकतं तिथे स्टॉक रेलचा, म्हणजे बाजूच्या स्थिर रुळाचा, पायही आतून घासावा लागतो, नाहीतर टंग रेल पूर्ण मिटत नाही. दोन्ही टंग रेल बोर्डाच्या एका पट्टीला जोडल्या की झाली सरकती दांडी. तिचं तांबंही मधोमध तोडायचं. खऱ्या रेल्वेत टंग रेल ११५ मिमी उघडते, त्याचं मॉडेलमधलं माप १.३ मिमी. पण आपली चाकं प्रमाणापेक्षा जाड असतात, म्हणून इथे दोन मिमी ठेवा. क्रॉसिंगचं नाक दोन्ही बाजूंनी फट पाडून वेगळं करा आणि त्याला वीज स्विचमार्फत द्या. पॉइंट ज्या दिशेला फिरेल त्या बाजूची वीज नाकाला मिळाली पाहिजे. सरकत्या दांडीला जोडलेला छोटा मायक्रोस्विच हे काम करतो.

तपासणी बोटाने करा. एक जड वॅगन घ्या आणि डोळे मिटून ती पॉइंटवरून हळू ढकला. जिथे बोटाला टिचकी जाणवेल तिथे कानस फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोट बरोबर पकडतं.

वॅगनची चाकं १९.२५ वर आणणं फार सोपं आहे. साध्या एचओ वॅगनची धुरी अंदाजे पंचवीस मिमी लांब असते. प्लॅस्टिकच्या किंवा बुश असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी १.४ मिमीच्या आसपास बाहेर सरकवलं की १७.१५ चं माप मिळतं आणि टोकं तरीही बोगीच्या खोबणीत बसतात. दोन्ही बाजूंना सारखंच सरकवा, नाहीतर वॅगन एका अंगाला कलून चालेल. पाच-सहा वॅगन अशा चालत्या करा, पॉइंटवरून पुढे-मागे करा आणि मगच इंजिनाला हात लावा.

इंजिन म्हणून डब्ल्यूडीएम-२ सांगतो त्याला कारणं आहेत. ते मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून आली आणि नंतर वाराणसीच्या डिझेल कारखान्यात ती बनत राहिली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मार्गावर ज्यांनी बालपणी गाडीची वाट पाहिली आहे, त्यांना हे इंजिन न बघता नुसत्या आवाजावरून ओळखता येतं. पण मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट त्याची बोगी आहे. अल्कोच्या या तीन धुऱ्यांच्या बोगीत मधली धुरी बरोबर मध्यावर नसते, एका बाजूला सरकलेली असते. अल्कोच्याच सहा धुऱ्यांच्या आरएसडी मालिकेतल्या काही अमेरिकन इंजिनांनाही अशीच बोगी होती आणि त्यांची एचओ मॉडेल जुनी-नवी मिळतात. त्यांची बोगी आणि गिअर घेतले की अर्धं अवघड काम वाचतं. आपल्या इंजिनाचं चाक १०९२ मिमी व्यासाचं, म्हणजे साडेबारा मिमी. अमेरिकन चाक थोडं लहान असतं. नव्या माणसाने ते तसंच ठेवावं, फरक बोगीच्या आड लपतो.

अशा बोगीत धुरी बहुधा अखंड नसते. मध्ये प्लॅस्टिकचा गिअर आणि त्याच्या नळीत दोन्ही बाजूंनी घुसवलेल्या अर्ध्या धुऱ्या असतात. चाकं नुसती बाहेर ओढली तर पकड कमी होऊन गिअर घसरू लागतो. म्हणून त्याच व्यासाच्या, अंदाजे १.४ मिमीने लांब अर्ध्या धुऱ्या लेथवर करून घ्या. नळीच्या आत दोन्ही धुऱ्यांची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, टेकली की शॉर्ट. बोगीच्या बाजूच्या चौकटीही तितक्याच बाहेर घ्याव्या लागतात. मध्ये स्टायरीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या भरा. चौकट बाहेर आली की इंजिनाची रुंद ठेवण पहिल्यांदा दिसते आणि सगळ्या खटाटोपाचं चीज होतं.

चासीसाठी दीड-दोन मिमीची पितळी पट्टी पुरते. मोटर मध्यभागी, दोन्ही बाजूंनी शाफ्ट. दोन बोगींमधलं अंतर अमेरिकन मॉडेलवरून उचलू नका, ड्रॉइंगवरून घ्या. बफर ते बफर लांबी १७.१२ मीटर, म्हणजे सुमारे १९७ मिमी. ड्रॉइंग नसेल तर बरोबर बाजूने काढलेला फोटो वापरता येतो: फोटोत बफर ते बफर किती सेंटिमीटर येतात ते मोजा, त्यावरून प्रमाण काढा आणि दरवाजे, खिडक्या, टाकी, जाळ्या यांची मापं त्या प्रमाणात मिळवा. फोटो दुरून, झूम करून काढलेला असावा. जवळून काढलेल्या फोटोत टोकं लहान दिसतात आणि मापं फसतात. चाकाचा व्यास १०९२ मिमी येतो का, हे पडताळून बघितलं की फोटो भरवशाचा आहे की नाही ते कळतं. रेल्वेच्या हद्दीत फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. संग्रहालयात किंवा एखाद्या चौकात मांडून ठेवलेल्या इंजिनापाशी टेप घेऊन निवांत उभं राहता येतं.

बॉडी स्टायरीनच्या पत्र्याची. आर्किटेक्टची मॉडेल करणाऱ्यांना सामान विकणाऱ्या दुकानात अर्धा आणि एक मिमीचे पत्रे मिळतात. केबिन आणि दोन्ही हूड (केबिनच्या पुढचा आणि मागचा भाग) वेगळे करा, आतून चौकोनी पट्ट्यांनी बळकट करा, काटकोन गुण्याने तपासा. चिकटवायचं द्रावण पातळ असतं, ब्रशने सांध्यावर टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो. थ्रीडी प्रिंटिंगने केबिन करून घेणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण प्रिंटच्या बारीक थरांच्या रेघा घासायला लागणारा वेळ आणि पत्र्याची केबिन करायला लागणारा वेळ यात फार फरक पडत नाही.

वजनाशिवाय इंजिन ओढत नाही. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची शिसं मिळतात, ती हूडमध्ये इपॉक्सीने बसवा. फेविकॉलने बसवू नका. शिसं आणि पांढरा गोंद यांची कालांतराने प्रक्रिया होऊन शिसं फुगतं आणि आतून बॉडी फुटते. शिशाला हात लावल्यावर हात धुवा. वजन दोन्ही बोगींवर सारखं पडतं का, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक बोगी ठेवून बघा. पुढे कधी डीसीसी (डिजिटल नियंत्रण) आणि आवाज घालायची इच्छा असेल तर डिकोडर आणि स्पीकरची जागा आत्ताच मोकळी सोडा.

तपशिलाबाबत एक गोष्ट मनापासून सांगतो. सगळीकडे सारखा तपशील घालू नका. बघणाऱ्याची नजर केबिनच्या खिडक्या, बफर बीम आणि रेलिंग या तीन जागी जाते. तिथे जीव ओता. रेलिंगची खरी नळी साधारण तीस मिमी जाड, म्हणून ०.३५ ते ०.४ मिमीची पितळी तार घ्या. तार गुंडाळीतून काढल्यावर एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं पकडीत धरून जरा ताणा, ती सरळ होते आणि कडकही. सगळ्या खांबांची भोकं एकाच पत्र्याच्या साच्यातून पाडा, म्हणजे उंची सारखी येईल. बफर बीमवर बफर, मधलं कपलिंग, ब्रेकचे होज आणि खाली गाई-म्हशींपासून वाचवणारी जाळी. होज सरळ लटकत नाहीत, त्यांना बाक असतो. पातळ वायरचं प्लॅस्टिक आवरण तसाच बाक देतं. हूडच्या दरवाज्यांच्या कड्या आणि बिजागऱ्या फोटो समोर ठेवून लावा. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांतही त्या वेगळ्या असू शकतात, कारण शेडमध्ये दुरुस्ती होताना जे मिळेल ते बसवलेलं असतं. म्हणून एकच नंबर निवडा आणि त्याच इंजिनाचे, त्याच काळातले फोटो गोळा करा.

रंग देण्याआधी बॉडी साबणाने धुऊन वाळवा, बोटांचं तेल राहिलं तर रंग सोलतो. आधी राखाडी प्रायमर. त्यात ओरखडे दिसतात, ते आत्ताच भरा. मग फिकट रंग, टेप लावून गडद रंग. नाव आणि नंबरासाठी डिकल पेपरवर छपाई करता येते, पण शेडचं देवनागरी नाव संगणकाच्या फॉन्टमध्ये टाकू नका. ती अक्षरं शेडमधल्या पेंटरने हाताने रंगवलेली असत, ‘पुणे’मधला उकार आणि ‘कल्याण’मधलं जोडाक्षर प्रत्येकाचं वेगळं. फोटोवरून अक्षर गिरवून घ्या. नवं कोरं इंजिन खोटं वाटतं, म्हणून शेवटी थोडी धूळ: धुराड्याभोवती काजळी, डिझेल टाकीच्या तोंडापासून खाली ओघळ, बोगीवर ब्रेकची तांबूस भुकटी. हात आखडता ठेवा, जास्त झालेली धूळ काढता येत नाही.

खडी सगळ्यात शेवटी, ट्रॅकवर गाड्या नीट धावायला लागल्यावरच. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची खडी. रेल्वे ती ६५ ते २० मिमीची वापरते, म्हणजे आपल्याला पाऊण मिमीपर्यंतचे कण हवेत. बांधकामावरची क्रशरची कच चहाच्या गाळणीतून चाळून घेतली की रंग अगदी खरा येतो. पण चाळल्यावर तिच्यातून चुंबक जरूर फिरवा. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि ते कण इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. खडी पसरून ब्रशने स्लीपरच्या पातळीला आणा, पाण्याचा बारीक फवारा मारा आणि फेविकॉल दुप्पट पाण्यात मिसळून, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा. टंग रेलपाशी गोंद जाऊ देऊ नका. बायोटॉयलेट येण्याआधीचा काळ दाखवायचा असेल तर स्टेशनातल्या रुळांमधली खडी तांबूस-तपकिरी रंगवा. तो डाग त्या काळातल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मखाली होता.

वळणांबाबत मन मोठं ठेवा. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे सुमारे १७५ मीटर त्रिज्येचं. मॉडेलमध्ये त्याचे दोन मीटर होतात. घरात ते जमणार नाही, पण तीन धुऱ्यांच्या बोगीसाठी नव्वद सेंटिमीटरच्या खाली येऊ नका. जागा नसेल तर गोल फिरणाऱ्या ट्रॅकचा मोह सोडा आणि भिंतीच्या कडेने एक लांबट छोटं स्टेशन करा: एक प्लॅटफॉर्म, दोन पॉइंट, एक मालधक्का. बोरघाटासारखा १:३७ चा चढ हवा असेल तर तीन मीटरमध्ये आठ सेंटिमीटर चढावं लागतं, हे आधी मोजून घ्या. पुण्यात असाल किंवा आलात तर कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं आणि १९९८ साली सर्वांसाठी खुलं झालेलं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा आणि बघताना डोळा रुळाच्या पातळीला न्या. आपलं स्टेशन कोणत्या उंचीवर मांडायचं, याचा निर्णय तिथेच होऊन जाईल.

विद्युतीकरण वेगाने झालं आहे आणि डब्ल्यूडीएम-२ रुळांवरून जवळपास गेलं आहे. उरलेली इंजिनं भंगारात निघतात किंवा कुठेतरी शोभेसाठी उभी राहतात. तुमच्या गावाजवळ असं एखादं उभं असेल तर परवानगी काढून टेप आणि कॅमेरा घेऊन जा. दरवाज्यांची रुंदी, कड्यांची जागा, रेलिंगची उंची, बोगीवरच्या धुऱ्यांमधली अंतरं लिहून काढा आणि हा छंद असलेल्या इतरांनाही ती मापं द्या.